घरातल्या बोलक्या स्पीकरला पोरांच्या खेळात कसं घ्यायचं?

सेलमध्ये घेतलेला, नाहीतर गृहप्रवेशाला कुणीतरी दिलेला तो गोल बोलका स्पीकर आता कोल्हापुरात बऱ्याच घरांत दिसतो. टीव्हीच्या शोकेसवर, गणपतीच्या मूर्तीशेजारी त्याची जागा ठरलेली. सकाळी आजीचे अभंग, संध्याकाळी बाबांच्या बातम्या आणि मधला सगळा वेळ पोरांचा. पोरं एकच गाणं पुन्हा पुन्हा लावायला सांगतात, नाहीतर "तुझं लग्न झालंय काय?" असं विचारून खिदळतात. आठवडाभरात गंमत ओसरते आणि आईवडील दोन प्रश्नांवर येतात. मोबाईल सुटावा म्हणून हे आणलं, पण याचा मुलांना उपयोग काय? आणि यात धोका किती?

दोन्हींची उत्तरं हा डबा चालतो कसा, यातच आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो. याला मास्तर केलं की मुलं कंटाळतात, आणि मुलं सांभाळायला बसवलं की ती लाडावतात. खेळातला पंच किंवा लिंबूटिंबू गडी म्हणून घेतलं तरच धमाल येते. बोलायचं, पळायचं, अंदाज बांधायचा, भांडायचं ते पोरांनी. डब्याने फक्त वेळ लावायची, नाणं उडवायचं आणि अधूनमधून चुकायचं.

हा डबा ऐकतो म्हणजे करतो काय?

या यंत्रामागच्या आवाजी मदतनिसाला व्हॉइस असिस्टंट म्हणतात. ॲमेझॉनची अलेक्सा, गूगलचा असिस्टंट, ॲपलची सिरी ही त्यातली माहीत असलेली नावं. सिरी २०११ मध्ये फोनमध्ये आली. अलेक्साचा स्पीकर अमेरिकेत २०१४ च्या अखेरीस आणि भारतात २०१७ मध्ये आला. गूगलचा त्यानंतर वर्षभरात, २०१८ मध्ये.

रविवारी सकाळी मिसळीच्या हॉटेलात काय कल्ला असतो, ते आपल्याला सांगायला नको. वेटर टेबलांमधून फिरत असतो. त्याच्या कानावर दहा जणांची बोलणी पडतात, कुणाचं राजकारण, कुणाचा ऊसदर. पण तो थांबतो ते कुणी त्याला हाक मारली तरच. मग तो ऑर्डर ऐकतो, वहीत टिपतो आणि आत भटारखान्यात सांगतो. मिसळ तिथं बनते, वेटर फक्त ती आणून ठेवतो.

आपला स्पीकर म्हणजे हा वेटर. "अलेक्सा" किंवा "ओके गूगल" ही त्याची हाक. ती ओळखण्यापुरती अक्कल डब्यातच असते. गेल्या काही क्षणांचा आवाज तो सतत तपासतो, हाक सापडली नाही तर पुसतो आणि पुढचा तपासतो. हाक सापडली की दिवा लागतो आणि त्यानंतरचं बोलणं इंटरनेटवरून कंपनीच्या दूरच्या संगणकांकडे जातं. या दूरच्या संगणकांना क्लाउड म्हणतात, आपण भटारखानाच म्हणू.

भटारखान्यात तीन कामं होतात. आधी आवाजाचे शब्द केले जातात. मग त्या शब्दांवरून गिऱ्हाईक काय मागतंय ते ठरवलं जातं: गाणं, वेळ, हिशेब की माहिती. शेवटी उत्तर शोधून ते आवाजात परत पाठवलं जातं. हे सगळं एक-दोन सेकंदांत. म्हणूनच घरातलं नेट गेलं की इतका हुशार डबा "कनेक्शन नाही" एवढंच म्हणत बसतो. वेटर जागेवर आहे, पण भटारखान्याचं दार बंद आहे.

मग आमच्या पोरांचं बोलणं त्याला का कळत नाही?

कारणं तीन आहेत आणि तिन्ही मुलांना सांगण्यासारखी आहेत, कारण सगळ्यात चांगला खेळ यातूनच निघतो.

पहिलं कारण गळ्याचं. मोठ्या पुरुषाचे स्वरतंतू बोलताना सेकंदाला साधारण १२५ वेळा थरथरतात, बाईचे २०० च्या आसपास, आणि पाच-सहा वर्षांच्या पोराचे अडीचशे-तीनशे वेळा. मुलांचा घसा आणि तोंडाची पोकळीही लहान, त्यामुळे आवाजाचा पोतच वेगळा पडतो. यंत्राला ऐकायला शिकवलं गेलं ते मुख्यतः मोठ्यांच्या आवाजावर. त्यात मुलं मध्येच थांबतात, "अं... ते..." करतात, "र" खातात. डब्याला वाटतं बोलणं संपलं, आणि तो अर्ध्यातच उत्तर देऊन मोकळा होतो.

दुसरं कारण भाषेचं. घराघरांत दिसणारे हे स्पीकर मुख्यतः इंग्रजी आणि हिंदी समजतात. अलेक्सा हिंदी बोलायला लागली २०१९ मध्ये. मराठी गाणी ती लावते, पण मराठीत सांगितलेलं काम तिला झेपत नाही. फोनवरचा गूगल असिस्टंट मात्र २०१८ पासून मराठी ऐकतो. त्यामुळे आपल्याकडे चित्र मजेशीर आहे. पेठेतलं पोरगं आईशी मराठीत भांडतं, आणि तोंड फिरवून डब्याला "अलेक्सा, गाना बदलो" म्हणतं.

तिसरं कारण आपल्या बोलीचं. फोनला प्रमाण मराठीत "पाऊस पडतोय का?" विचारा, बहुतेक वेळा कळतं. "पाऊस पडालाय काय रं?" विचारा आणि काय उत्तर येतं ते ऐका. यंत्राने ऐकलेली मराठी बरीचशी पुस्तकी आणि शहरी आहे. "कराल्यात", "जाऊलालोय" हे त्याच्या कानावर फारसं पडलेलंच नाही. यावर उपाय म्हणजे अशा बोलीतले खूप आवाज गोळा करणं. केंद्र सरकारच्या भाषिणी प्रकल्पात "भाषादान" नावाची सोय आहे, तिथं मोठी माणसं आपला आवाज देऊ शकतात. चेन्नईच्या आयआयटीतला एआयफॉरभारत हा गटही भारतीय भाषांवर हेच काम करतो.

आता यातला खेळ. फोनवर मराठी निवडा आणि मुलांना सांगा, एकच प्रश्न चार तऱ्हांनी विचारायचा: शाळेतल्या बाईंसारखा, आजीसारखा, पेठेतल्या दादासारखा आणि बातम्या देणाऱ्यासारखा. कुठली तऱ्हा यंत्राला कळली, कुठल्या तऱ्हेला ते फसलं, हे वहीत टिपायचं. पडद्यावर त्याने काय ऐकलं ते शब्दही उमटतात, ते वाचून पोरं गडाबडा लोळतात. कळंब्याला आमच्या नात्यातल्या एका घरी हा खेळ चालला होता. तिथली चौथीतली मुलगी शेवटी म्हणाली, "त्याला आपलं येत नाही, आपल्याला त्याचं येतंय. मग हुशार कोण?"

पंच म्हणून त्याला काय काय देता येतं?

वेळ लावणं हे त्याचं सगळ्यात भरवशाचं काम. "अलेक्सा, दो मिनट का टाइमर लगाओ" म्हणायचं आणि दोन मिनिटांत घरातून तांब्या-पितळेच्या तीन वस्तू शोधून आणायच्या. पुढच्या डावाला "क"ने सुरू होणाऱ्या वस्तू, त्याच्या पुढच्याला आजोबांपेक्षा जुन्या. पसारा आवरण्यासाठीही हीच युक्ती चालते, आणि आईने ओरडण्यापेक्षा ती जास्त चालते. आईशी "अजून पाच मिन्टं" अशी घासाघीस करता येते, टायमरशी करता येत नाही.

नाणं उडवणं आणि फासा टाकणं हेही तो करतो. कळंब्याच्या त्याच घरात यावरून भांडण झालं. डब्याने ओळीने काटाच दिला आणि हरणारा पोरगा ओरडला, "ह्यात सेटिंग हाय!" हा आरोप सोन्यासारखा आहे, तो वाया घालवू नका. मुलांना सांगा, पन्नास वेळा नाणं उडवायला लावा आणि छापा-काटा ओळीने वहीत लिहा. मग तेवढ्याच वेळा खरं एक रुपयाचं नाणं उडवा. दोन्हीकडे साधारण निम्मे-निम्मे येतील, तंतोतंत पंचवीस क्वचितच. आणि पन्नास नाणेफेकींत कुठेतरी ओळीने पाच वेळा एकच बाजू बहुतेक येतेच, घरातल्या खऱ्या नाण्यालाही. शाळेत संभाव्यता शिकवायला लागतील तेव्हा या पोरांना ते आधीच ठाऊक असेल.

पाढ्यांचंही तसंच. "एक से तीस के बीच कोई नंबर बोलो" म्हणायचं. जो आकडा येईल त्याचा पाढा म्हणायचा, अडलं तर तेवढ्या उड्या. गुणाकार तपासायला डब्याला विचारायचं, पण आपलं उत्तर मोठ्याने सांगून झाल्यावरच. एकोणतीस की उनतीस, असा घोळ मराठी माध्यमाच्या मुलांचा इथं होतो. आकडे इंग्रजीत सांगितले की तो मिटतो.

आधी अंदाज, मग प्रश्न

नियम एवढाच: आपलं उत्तर आधी वहीत लिहायचं, डब्याला नंतर विचारायचं. ज्याचा अंदाज जवळचा तो जिंकला. कोल्हापूर ते पन्हाळा किती किलोमीटर, हत्तीचं वजन किती, चंद्र किती लांब, असलं काहीही. यातला एक प्रश्न मात्र वर्षभर पुरतो: "आज सूर्य किती वाजता मावळणार?"

दर रविवारी हा प्रश्न विचारायचा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या चौकोनात वेळ लिहायची. शक्य तेव्हा रंकाळ्यावर जाऊन पडताळा घ्यायचा, भेळ होतेच. जूनच्या शेवटी कोल्हापुरात सूर्य सात वाजून दहा मिनिटांच्या आसपास मावळतो, नोव्हेंबरच्या शेवटी सहाच्या आसपास. कॅलेंडर भरत गेलं की एक गंमत दिसते. वर्षातला सगळ्यात लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा, हे पुस्तकात असतं. मग सूर्य सगळ्यात लवकर त्याच दिवशी मावळायला हवा. तसं होत नाही. सगळ्यात लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात येतो, आणि २१ डिसेंबरला सूर्य काही मिनिटं उशिराच जातो. पृथ्वीचा आस कललेला आहे आणि तिची कक्षा किंचित लांबट आहे. त्यामुळे त्या दिवसांत खरी मध्यान्ह घड्याळात रोज थोडी पुढे सरकते, आणि उगवणं-मावळणं दोन्हीही तिच्याबरोबर सरकतात. ही गोष्ट पोरांना स्वतःच्या कॅलेंडरवर सापडली की विसरत नाहीत.

आता आपल्या अंबाबाईचा किरणोत्सव घ्या. नोव्हेंबरमध्ये ९, १० आणि ११ तारखेला मावळतीची किरणं महाद्वारातून आत येत गाभाऱ्यापर्यंत पोचतात. मग पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला. दोनदाच का, आणि याच तारखांना का? डब्याला विचारा, १० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर किती दिवस? ४१. आणि २१ डिसेंबर ते १ फेब्रुवारी? ४२. जवळजवळ सारखेच. २१ डिसेंबरपर्यंत सूर्य मावळताना दक्षिणेकडे सरकत जातो, तिथून मागे फिरतो आणि जायला लागले तितक्याच दिवसांनी परत त्याच जागी येतो. जाताना ज्या रेषेत आला होता त्याच रेषेत येतानाही येतो, म्हणून वर्षातून दोन वेळा. ज्यांनी हे देऊळ बांधलं त्यांच्याकडे विचारायला कसलाच डबा नव्हता, आणि दिशा तरीही अशी साधली. डब्याने इथं फक्त दिवस मोजले. जोड लावली ती पोरांनी. मला हवा तो वापर हाच.

पावसाचा आवाज आणि पन्हाळ्याची रात्र

या स्पीकरांना आवाज वाजवता येतात: पाऊस, ढगांचा गडगडाट, समुद्र, रातकिडे. मोठी माणसं ते झोप यावी म्हणून लावतात. पोरांना त्यावर नाटक करू द्या.

आपल्याकडे विषय शोधायला लांब जायला नको. जुलै १६६०, पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा, भर पावसातली रात्र आणि महाराज विशाळगडाकडे निघालेले. खोलीतले दिवे घालवायचे, "बारिश की आवाज़ लगाओ" म्हणायचं आणि खाली बसून आवाजांचं नाटक करायचं. घोड्यांच्या टापांना नारळाच्या दोन करवंट्या, चिखलातल्या पावलांना ओल्या फडक्यावर तळहात, तलवारींना डाव आणि उलथनं. शिवा काशीद कोण होणार यावरून थोडी मारामारी होईल, होऊ द्या. सगळं दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड करायचं आणि रात्री जेवताना घरच्यांना ऐकवायचं. यात पडदा नाही आणि वेषभूषा नाही, त्यामुळे लाजाळू पोरंही मोठ्याने बोलतात. मध्येच पाऊस बंद करायचा तर डब्याला हाक मारावी लागते, आणि बाजीप्रभू खिंडीतून "अलेक्सा, बंद करो" असं ओरडतात. रेकॉर्डिंगमधला हाच भाग सगळ्यांना जास्त आवडतो.

आजी विरुद्ध डबा

"डबा आला आणि आजीच्या गोष्टी संपल्या" ही तक्रार मी बऱ्याच ठिकाणी ऐकतो. ती अगदीच खोटी नाही. पण आजीला आणि डब्याला समोरासमोर बसवून बघा. आजीने हुमाण, म्हणजे कोडं, घालायचं, पोरांनी ते डब्यासाठी हिंदीत किंवा इंग्रजीत करायचं आणि उत्तर मागायचं. "बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे." "सूपभर लाह्या, त्यात एक रुपया." नागीण म्हटल्यावर डबा सापांची माहिती द्यायला लागतो आणि आजी पदराआड हसते. पहिल्याचं उत्तर दात आणि जीभ, दुसऱ्याचं चांदण्या आणि चंद्र. इथं दुभाष्याचं काम पोरांकडे येतं. ते सोपं नाही, "चिरे" हिंदीत सांगून बघा.

पोरांनी यंत्राला शिकवायचं

ॲपमध्ये रूटीन नावाची सोय असते. आपण अमुक बोललो की यंत्राने तमुक करायचं, असं आधी ठरवून ठेवणं म्हणजे रूटीन. मोठ्या माणसाने ॲप उघडून द्यायचं, मजकूर पोरांनी ठरवायचा. "अलेक्सा, शाळा" म्हटलं की "डबा घेतला? पाण्याची बाटली? ओळखपत्र? आज शनिवार आहे, पीटीचे बूट" असं ते बोलू शकतं. वाक्यं मराठीत टाकली तर उच्चार वेडेवाकडे येतात, मग ते सुधारण्यासाठी स्पेलिंग बदलून बदलून बघणं हा स्वतंत्र उद्योग होतो. असं झालं तर तसं कर, ही प्रोग्रामिंगची पहिली पायरी. त्यासाठी हजारो रुपयांचा क्लास लावायची घाई नको.

पण तो सगळं ऐकून साठवतो ना?

पुन्हा वेटरकडे या. हाक मारल्याशिवाय तो ऑर्डर घेत नाही, पण हाक मारली असं त्याला चुकून वाटू शकतं. टीव्हीवर मिळतंजुळतं नाव आलं की दिवा लागतो आणि पुढची काही वाक्यं भटारखान्यात पोचतात. दुसरी गोष्ट त्याच्या वहीची. आपण काय काय मागितलं ते त्यात राहतं. अलेक्साच्या ॲपमध्ये प्रायव्हसीच्या भागात गेलात तर जुनी बोलणी चक्क परत ऐकता येतात. पोरांसमोर एकदा ती लावाच. आपला आवाज कुठंतरी जाऊन बसतो, हे दहा उपदेशांनी कळत नाही ते एका रेकॉर्डिंगने कळतं.

ही भीती हवेतली नाही. मुलांचे आवाज वर्षानुवर्षं ठेवले आणि पालकांनी सांगूनही पुरते पुसले नाहीत, असा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ॲमेझॉनवर केला होता. कंपनीने तो मान्य केला नाही, पण २०२३ मध्ये २.५ कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं. आपल्याकडेही २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती लागते असं म्हटलंय. पण कायदा आपल्या घरी येऊन सेटिंग बदलत नाही. ॲपमध्ये आवाज किती काळ ठेवायचा ते निवडता येतं: तीन महिने, अठरा महिने किंवा अजिबात नको. शेवटचं निवडा. गूगलच्या खात्यातही आवाज साठवण्याचा पर्याय बंद आहे ना, तेवढं बघून घ्या. स्पीकरवर माईक बंद करायचं बटण असतं, अलेक्साचा दिवा तेव्हा लाल होतो. पाहुणे आले, घरगुती बोलणी निघाली, की ते दाबायचं. हे काम घरातल्या सगळ्यात धाकट्याकडे द्या, तो ते विसरत नाही. आणि डबा दिवाणखान्यात ठेवा, मुलांच्या खोलीत नको.

आणि चुकीचं सांगितलं तर?

सांगतोच. डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत एका दहा वर्षांच्या मुलीने अलेक्साला "काहीतरी आव्हान दे" म्हटलं. अलेक्साने सांगितलं, चार्जर सॉकेटमध्ये अर्धवट खोच आणि उघड्या पिनांना नाणं लाव. वेबवर या जीवघेण्या खेळाबद्दल मजकूर होता, त्यातलं आव्हान यंत्राने उचललं आणि "हे करू नका" मागे टाकलं. आई शेजारी होती आणि मुलगीही शहाणी, म्हणून काही झालं नाही. कंपनीने चूक दुरुस्त केली. पण यंत्राला शॉक लागत नाही आणि शॉक म्हणजे काय ते त्याला समजतही नाही, हे मुलांना स्पष्ट सांगायला हवं. वीज, गॅस, औषध, पाणी या चार बाबतींत डब्याचं ऐकायचं नाही, मोठ्यांना विचारायचं. घरात हा नियम करून टाका.

पाण्यावरून आठवलं. पावसाळ्यात कोल्हापूरच्या पोरांनाही पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट हे तोंडपाठ असतं. डब्याला विचारून बघा, "पंचगंगेचं पाणी किती फुटांवर आहे?" कधी नदीची लांबी सांगेल, कधी जुन्या बातमीतला आकडा आत्ताचा म्हणून वाचेल. तो आणि जिल्हा प्रशासनाने त्या दिवशी दिलेला आकडा शेजारी शेजारी लिहिला की मुलांना फरक दिसतो.

हा सराव यापुढे जास्त लागणार आहे, कारण भटारखान्यातला आचारी बदलतोय. जुना आचारी ठरलेलेच पदार्थ करायचा, नसलेलं मागितलं तर "मला माहीत नाही" म्हणायचा. २०२५ मध्ये ॲमेझॉनने अलेक्सा प्लस आणि गूगलने घरच्या स्पीकरसाठी जेमिनी जाहीर केलं. हे नवे आचारी काहीही मागा, करून देतात. गप्पा मारतात, गोष्ट रचतात, आणि ठाऊक नसलेलंही त्याच गोड आवाजात छातीठोकपणे सांगतात. जुन्या डब्याची चूक ऐकताक्षणी कळायची, नव्याची शोधावी लागेल. म्हणून एक खेळ आत्तापासूनच लावा: आपल्याला पक्कं माहीत असलेल्या गोष्टींबद्दल त्याला विचारायचं. आपली गल्ली, शाळा, खासबाग मैदान, जोतिबाची यात्रा. जो जास्त चुका पकडेल त्याला एक गुण जास्त.

आवाजावर खरेदी होते म्हणे?

होऊ शकते. २०१७ च्या सुरुवातीला अमेरिकेत डॅलसच्या सहा वर्षांच्या मुलीने अलेक्साकडून बाहुलीचं घर आणि बिस्किटं मागवली होती. ॲपमध्ये आवाजी खरेदी बंद करा. पाच मिनिटांचं काम आहे.

पोरं उद्धट होतील, त्याचं काय?

दिवसभर यंत्राला हुकूम सोडणारं मूल माणसांनाही तसंच बोलेल, ही काळजी जगभर आहे. २०१८ मध्ये ॲमेझॉन आणि गूगल दोघांनीही "प्लीज" म्हणणाऱ्या मुलांना शाबासकी देणारी सोय आणली होती. मला हे फारसं पटत नाही. आपल्याकडे अरे-तुरे ही जिव्हाळ्याची भाषा आहे, आणि स्विचला कुणी "कृपया" म्हणत नाही. मुलाला डब्याशी नम्र करण्यापेक्षा डबा आणि माणूस यांतला फरक कळतोय ना, ते बघा. लहान मुलं डब्याला विचारतात, "तू जेवलास?" त्यांना एकदा त्याचा प्लग काढून दाखवा.

मला दुसरी गोष्ट खटकते. डबा पोराला कधीच वाट बघायला लावत नाही. गाणं मागितलं की गाणं, थांब म्हटलं की थांबला. घरातलं दुसरं कुणीच इतकं मुकाट ऐकत नाही, आणि ऐकूही नये. त्यामुळे डब्याशी एकट्याने खेळायचं नाही, निदान दोघं हवेत. दोघं असली की पाळी येते, वाट बघावी लागते, हरावं लागतं.

यासाठी डबा विकत घ्यायचा का?

नसेल तर घेऊ नका. रूटीनची थोडी गैरसोय सोडली तर यातले सगळे खेळ हातातल्या फोनवर होतात. उलट फोनला मराठी कळते, म्हणजे बोलीचा खेळ तिथंच रंगतो. फोनच्या सेटिंगमध्ये आवाजी मदतनिसाची भाषा मराठी करा, हाक चालू करा आणि फोन टेबलाच्या मधोमध ठेवा. बोलीच्या खेळात पडदा वर असू द्या, बाकीच्या वेळी फोन पालथाच ठेवा. नाहीतर त्यावर एक व्हिडिओ दिसेल आणि पन्हाळ्यावरचे सगळे मावळे तिकडेच पळतील.